बासरी जरा खाली

तो तिला पहिल्यांदा भेटला तेव्हा झोपलेला होता.

भेटला असं तरी कसं म्हणायचं? ती डबा खाऊन रेकॉर्डिंगच्या खोलीत परत आली, तर तिच्या खुर्चीत एक अनोळखी माणूस मान टाकून पडलेला. शर्टाला सकाळी केव्हातरी इस्त्री झाली असावी. आता फक्त तिची आठवण उरली होती. गळ्यात ओळखपत्राची दोरी. मांडीवर हेल्मेट आणि हेल्मेटमध्ये अर्धं खाल्लेलं केळं, नीट सालात गुंडाळून ठेवलेलं.

ती दारातच उभी राहिली. रागवावं असं तिच्या मनात आलं. पण रागवायलासुद्धा अंगात जीव लागतो, आणि दुपारच्या त्या वेळेला तिच्या अंगात जेमतेम उभं राहण्यापुरता होता. शिवाय तिला त्याचा हेवा वाटला. खोलीला चारी बाजूंनी काळा फोम लावलेला; बाहेरचा आवाज आत येत नाही, आतला बाहेर जात नाही. इतकी वर्षं ती इथे बसत होती, पण इथे झोपता येतं ही साधी गोष्ट तिला कधी सुचली नव्हती.

"अहो," ती म्हणाली.

ती दोन पावलं आत आली.

"अहो, ऐकलंत का?"

"आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे," तो डोळे न उघडता म्हणाला.

मग त्याने डोळे उघडले, तिला पाहिलं, आणि इतक्या झटक्यात उठला की केळं जमिनीवर गेलं. दोघंही केळ्याकडे बघत राहिले.

"बाहेरच्या मॅडमनी थांबायला सांगितलं," तो म्हणाला. "थांबलो. मग पुन्हा थांबायला सांगितलं. म्हटलं, वा! आज आपल्यालाच थांबवतायत. त्या आनंदात डोळा लागला."

"तुम्ही कोण?"

"तक्रार."

"कसली?"

"नाही, मीच. तक्रार विभागातून आलोय. कपडे धुण्याच्या मशीनची कंपनी. आमच्याकडे फोन केला की लोक रांगेत थांबतात, तेव्हा त्यांना एक धून ऐकू येते. ती म्हणे इथे बनवतात. ज्याने बनवलीय त्याला एकदा बघायचं होतं."

"कशासाठी?"

"कसा दिसतो ते बघायला."

"असा दिसतो," ती म्हणाली.

त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती आणि गळ्यात हेडफोन. तो थोडा निराश झाला.

"मला वाटलं होतं, शिंगं असतील."

"असतात. दुपारी काढून ठेवते. हेडफोन बसत नाही."

तो हसला नाही. पण त्याच्या चेहऱ्यावर कुठेतरी एक दिवा लागल्यासारखं झालं, आणि तिला उगाच वाटलं, की या माणसाने आज दिवसभरात पहिल्यांदाच डोळे पूर्ण उघडलेत.

ती ज्या कंपनीत होती तिथे आवाज बनवले जात. लिफ्टचं दार उघडताना वाजते ती घंटी, गाडीत पट्टा लावला नाही तर होणारी किरकिर, बँकेच्या यंत्रात चुकीचा आकडा दाबला की येणारा तो 'टँव'. थोडक्यात, अर्ध्या जगाला दचकवण्याचं काम तिच्याकडे होतं. ऑफिसात सगळे तिला 'कान' म्हणत. "कानाला विचारा", "कान आज रजेवर आहे", असं. पण या कानाला गेल्या कित्येक महिन्यांत एकही आवाज आवडला नव्हता, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. घरी पाण्याचा नळ गळायला लागला तरी ती हातातलं काम टाकून विचार करी, की याला जरा आवळलं तर मायक्रोवेव्हला चालेल. जेवणाचं ताट वाजलं की तिला ताट दिसत नसे, कामच दिसे.

"तर धुनेबद्दल काय तक्रार आहे?" तिने विचारलं.

"मला काय माहीत? मी ऐकलेलीच नाही."

"म्हणजे?"

"अहो, मी फोन उचलतो. मी उचलला की धून बंद होते. आत बसलेल्याला कधी ऐकू येतच नाही ती. पण जे ऐकतात ना, ते मला गाऊन दाखवतात. रागाने." त्याने घसा खाकरला. "एक आजोबा आहेत, ते असं गातात—" आणि त्याने दात आवळून, नाकातून, टेबलावर मूठ आपटत ती धून गायली. तिने मोठ्या प्रेमाने बांधलेली बासरीची ओळ. ती भांडण होऊन बाहेर आली.

"आणि एक ताई आहेत, त्या रडत रडत गातात. त्यांची मशीन पिळायला लागली की चालायला लागते. परवा शेजाऱ्यांच्या दारापर्यंत गेली. शेजाऱ्यांनी बेल वाजली म्हणून दार उघडलं तर समोर मशीन."

"बेल कुणी वाजवली?"

"तेच आम्ही शोधतोय."

तिला हसू आलं. हसायची सवय मोडली होती, त्यामुळे आधी ठसकाच लागला.

ती कागदावर काहीबाही टिपत राहिली. तो खुर्चीत मागे रेलला आणि वाट बघता बघता, आपण काय करतोय याचं भान नसताना, तीच ओळ स्वतःशी गुणगुणला. या वेळी आजोबांची नाही, ताईंची नाही, त्याची स्वतःची. त्याला गाणं म्हणता आलं नसतं. दिवस संपल्यावर माणूस चपला काढताना जो आवाज करतो, त्याला किंचित सूर लावला तर जे होईल, ते होतं ते.

तिचं टिपणं थांबलं.

कोपऱ्यात माईकचा लाल दिवा जळत होता. ती जेवायला गेली तेव्हाच तो बंद करायचा राहिला होता.

*

पुढे तो वरचेवर येऊ लागला. त्याच्या साहेबांना वाटलं, नवीन धून बनवताना तक्रारवाल्याचं मत घ्यावं. तिच्या साहेबांना वाटलं, गिऱ्हाईक माणूस पाठवतंय तर नाही कसं म्हणायचं. कामाची गरज नक्की काय होती हे दोन्ही साहेबांना सांगता आलं नसतं. त्यामुळे काम छान चाललं होतं.

तो यायचा, हेल्मेट ठेवायचा, आणि म्हणायचा, "बोला कान, आज काय ऐकायचं?"

"तुम्हाला कुणी सांगितलं माझं नाव कान आहे?"

"बाहेरच्या मॅडमनी. मी म्हटलं, बरं झालं. आमच्याकडे तक्रारी ढिगाने आहेत, कानाचाच तुटवडा होता."

एकदा तिने त्याला पडद्यावर आवाज बदलायचं एक सॉफ्टवेअर दाखवलं. डावीकडे एक चौकोन, उजवीकडे एक चौकोन आणि मध्ये एक सरकपट्टी.

"डावीकडे बासरी ठेवलीय. उजवीकडे व्हायोलिन. पट्टी सरकवली की बासरीचं व्हायोलिन होतं."

"म्हणजे दोन्ही मिसळता."

"नाही. मिसळले की दोन्ही एकदम ऐकू येतात, एका सोफ्यावर बसवलेल्या भांडलेल्या नातेवाइकांसारखे. इथे एकच आवाज असतो, तो हळूहळू दुसरा होत जातो. ऐका."

तिने हेडफोन त्याच्या कानांवर ठेवले. ठेवताना तिची बोटं त्याच्या कानाच्या पाळीला लागली. फोनने दिवसभर तापवलेला कान. खरंच गरम होता. तिने हात पटकन मागे घेतला आणि पट्टी धरली. डावीकडून उजवीकडे, अगदी सावकाश.

त्याने डोळे मिटले. अर्ध्यावर आल्यावर म्हणाला, "थांबा. आत्ता हे काय आहे?"

"मधलं. ना बासरी, ना व्हायोलिन."

"याला नाव काय?"

"नाही नाव. जगात असं वाद्यच नाही."

"बिचारं," तो म्हणाला. "माझ्यासारखंच. आमची ताई म्हणते, धड नोकरी करत नाहीस, धड सोडत नाहीस."

"मीही तिथेच असते," ती म्हणून गेली. मग उगाच माउस पुसायला लागली. "पण एक अट आहे. दोन्ही आवाज एकाच सुरावर हवेत. इकडचा तिकडचा जरा जरी चुकला ना, तर मधे मांजर ओरडतं."

"खरं मांजर?"

तिने व्हायोलिनचा सूर थोडा चढवला आणि पट्टी मध्यावर नेली. त्याने हेडफोन फेकले. बाहेरच्या मॅडम दार उघडून बघून गेल्या, की मांजर आत आलं कुठून. दार पूर्ण लागलेलं नव्हतं.

धून वाजता वाजता बदलत जावी, ही कल्पना मात्र त्याचीच. "लोकांचं काय होतं," तो चहाचा कप दोन्ही हातांनी धरून म्हणाला, "तीच ओळ तशीच परत आली, की त्यांना कळतं आपण होतो तिथेच आहोत. मग ते पेटतात. रांग आम्हाला सरकवता येत नाही. धून तरी सरकू दे. जितका वेळ थांबतील तितकी ती... बदलत जाऊ दे. कुठेतरी पोचल्यासारखं वाटेल."

आवाजाचं शिक्षण घेऊन तिला जे सुचलं नव्हतं ते हा मनुष्य चहात बिस्कीट बुडवता बुडवता बोलून गेला, आणि बिस्कीट तुटून आत पडलं तेव्हा मात्र खरोखर दुःखी झाला.

तिने सरकपट्टी थांबण्याच्या वेळेला जोडली. रांग जितकी लांब, तितकी पट्टी उजवीकडे. डावीकडे बासरी. उजवीकडे या धुनेसाठी जे व्हायोलिन हवं होतं ते वाजवणाऱ्या बाई आजारी पडल्या, म्हणून धंद्यातल्या रीतीप्रमाणे तिने तिथे एक तात्पुरता आवाज ठेवला. खरा आवाज येईपर्यंत हाताशी असेल ते ठेवायचं, अशी ती रीत. तिच्या साहेबांनी एका लिफ्टसाठी स्वतःच्या कुत्र्याची जांभई ठेवली होती.

तिच्या हाताशी त्याचं गुणगुणणं होतं.

फक्त लांबी बघण्यासाठी, असं तिने स्वतःला सांगितलं. मग पट्टी सरकवली. बासरी निघाली, हळूहळू तिला दम लागला, तिच्यात श्वास शिरला, आणि पलीकडच्या टोकाला एक दमलेला माणूस चपला काढत होता. तिने ते पुन्हा ऐकलं. मग पुन्हा. कित्येक महिन्यांनी तिला एक आवाज आवडला होता, आणि तो नेमका फुकटचा, न विचारता घेतलेला आणि जरा बेसूर निघाला होता.

त्याच दिवशी तिने अजून एक गोष्ट केली. कामाला तिची काही गरज नव्हती आणि ती तिने कुणाला सांगितली नाही.

यथावकाश व्हायोलिन आलं. ते घालून तिने धून पुरी केली. आता तिच्याकडे तीन फायली होत्या: 'शेवटची', 'शेवटची नक्की' आणि 'शेवटची आता बास'. ज्याने कधी असं काम केलंय त्याला कळेल, की यातली शेवटची कुठली हे देवालाही सांगता येणार नाही. ज्या दिवशी पाठवायची होती त्या दिवशी तिचे डोळे मिटत होते. तिने एक पाठवली, दिवा मालवला आणि घरी गेली.

*

"चमत्कार झालाय!" तो पुढच्या वेळी दारातूनच म्हणाला. "आजोबांचा फोन आला. मी उचलला, म्हटलं नमस्कार. तर म्हणतात, 'उचललास कशाला? चांगलं चाललं होतं की!' आणि ठेवला. दिवसभर तेच. एक बाई म्हणाल्या, 'तुमचं असेल काम तर करा हो आधी, मी थांबते.' एकांना तर आम्ही विसरलोच होतो, ते तसेच फोन छातीवर ठेवून झोपले होते. त्यांच्या बायकोने येऊन फोन ठेवला, ठेवण्याआधी आमचे आभार मानले. काय केलंत तुम्ही? व्हायोलिनला एवढी ताकद?"

पाठवलेली फाईल तिने हळूच उघडून बघितली.

'शेवटची आता बास'.

"कान?" तो म्हणाला. "चेहरा का उतरला? चांगली बातमी आहे ही."

आत्ता सांगावं, असं तिला वाटलं. तोंड उघडलंही. पण समोर तो उभा होता, हातात हेल्मेट, चेहऱ्यावर इतक्या दिवसांतला पहिला खराखुरा आनंद... आणि तिला म्हणायचं होतं की अहो, तुमचा गळा मी चोरला आणि गावभर वाजवला.

"व्हायोलिन... चांगलंच आहे," ती म्हणाली. "तुम्ही कधी फोन लावून ऐकलंत का?"

"मी? त्या नंबरावर?" त्याने कानाला हात लावला. "घराला आग लागली तरी मी तिथे फोन करणार नाही. दिवसभर एका बाजूने ऐकतो तेवढं पुरे."

तिने सुटकेचा श्वास सोडला, आणि तो सोडताना तिला स्वतःचीच लाज वाटली.

घरी तर आणखी निराळंच चाललं होतं. ती मावशीकडे राहायची. मावशी निवृत्त नर्स. तिला कुणी दमलेलं दिसलं की नाडी बघायची सवय. संध्याकाळी ती आरामखुर्चीत फोन कानाला लावून बसलेली असे.

"कुणाशी बोलतेस गं?"

"बोलत नाहीये, ऐकतेय. मशीनवाल्यांना फोन लावलाय."

"आपली मशीन बिघडलीय?"

"छे! धडधाकट आहे." मावशीने हाताने गप्प बस अशी खूण केली. "बासरी संपली की तो मुलगा येतो ना, तो ऐकते. दमलाय गं बिचारा. झोप पुरी होत नाही त्याची. आवाजावरून सांगते मी, रात्रीचं जेवत नाही नीट. कोण आहे गं?"

"मला काय माहीत."

"तू बनवलंस, आणि तुला माहीत नाही?" मावशीने चष्म्यावरून पाहिलं. "लग्न झालंय त्याचं?"

"मावशी!"

"कान लाल झाले तुझे. ताप आहे का बघू."

*

मग एका दुपारी तो आला आणि हेल्मेट ठेवलंच नाही. हातातच धरून उभा राहिला.

"नोकरी सोडली," तो म्हणाला. "महिनाअखेरीस सुटतो."

"एकदम?"

"ताईच्या यजमानांची रोपवाटिका आहे. माणूस हवाय म्हणाले. म्हटलं, झाडं बरी. पाणी नाही मिळालं तर वाळतात, पण फोन करत नाहीत." तो हसायला गेला, ते अर्ध्यावरच राहिलं. "खरं सांगू? परवा ताईने जेवताना मीठ मागितलं, तर मी म्हटलं, 'आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व.' ती घाबरली. मीही. तिथून बाहेर पडलो नाही तर मी असाच होऊन जाईन. माझं मलाच ऐकू येईनासं झालंय."

"बरं केलंत," ती म्हणाली. तिला खरंच तसं वाटलं. आणि खरंच वाईटही वाटलं. पट्टी नेमकी मधे.

"हो. फक्त..." त्याने हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं. "आता इथे यायला काही कारण राहिलं नाही."

खोलीत फोमची शांतता. दोघांचे श्वास तेवढे ऐकू येत होते, आणि त्या खोलीत श्वास लपत नाहीत. ती म्हणू शकली असती, कारणाशिवाय या. ती म्हणू शकली असती, जायच्या आधी एक ऐकून जा. पण ऐकलं तर हा परत येणार नाही, आणि न ऐकवता 'या' म्हणणं म्हणजे आणखी एक चोरी... विचार करता करता ती म्हणाली, "केळं राहिलंय का काही तुमचं?"

"नाही," तो म्हणाला. हेल्मेट काखेत मारलं. "सगळं घेतलं."

तो गेल्यावर ती त्याच खुर्चीत डोकं टाकून बसली. झोप आली नाही. झोपायची कला त्याच्याकडेच होती.

*

महिना उलटला. एका सुटीच्या सकाळी ती मावशीच्या हाताखाली चादरींच्या घड्या घालत होती. चादरीचं एक टोक मावशीकडे, एक तिच्याकडे. फोन वाजला. नाव बघून तिने टोक सोडलं.

"कान! एक गंमत ऐका," तो म्हणत होता. आवाज बदलला होता. उन्हात वाळलेल्या कपड्यासारखा कोरडा, हलका. "ताईची मशीन बंद पडली. त्याच कंपनीची. ताई म्हणते, तू तिथला ना, मग तूच लाव फोन. नाही नाही म्हटलं, पण ताईपुढे कुणाचं चाललंय? लावलाय तिच्या फोनवरून. स्पीकरवर ठेवलाय. शेवटी मी रांगेत! म्हटलं, तुमची धून तुमच्यासोबतच ऐकावी."

तिला फोनमधून तिची बासरी ऐकू आली. बारीक, लांबून.

"ठेवा तो फोन," ती म्हणाली.

"कुठला?"

"रांगेतला. ठेवा आधी."

"वा! आत्ता कुठे नंबर लागतोय. छान आहे हो बासरी. आजोबा उगाच नाही—"

"अहो, मला काहीतरी सांगायचंय!"

"सांगा की. मी कुठे पळतोय? रांगेत आहे."

मावशी चादरीचं टोक धरून तशीच उभी होती. ती मावशीकडे पाठ करून खिडकीशी गेली. बासरीला दम लागायला लागला होता. आता फार वेळ नव्हता.

"तिथे व्हायोलिन नाही," ती म्हणाली. "शेवटी. व्हायोलिन नाहीच. चुकीची फाईल गेली. तुम्ही पहिल्या दिवशी आलात ना, तेव्हा माईक चालू राहिला होता. मी तात्पुरतं ठेवलं, मग तेच गेलं, मग मी सांगणार होते, पण तुम्ही इतके खूश होतात, मग तुम्ही हेल्मेट ठेवलंच नाही..."

"कान, मला काही कळत नाहीये. कोण आहे मग शेवटी?"

"माणूस."

"गायक?"

"नाही. अजिबात नाही."

आणि मग तो आवाज आला. बासरीतूनच उगवल्यासारखा, आधी नुसता श्वास, मग श्वासात एक ओळ. आणि पलीकडून एक खणखणीत बाई बोलली, "अरे, हा तूच की रे! अंघोळीनंतर असाच रेकतोस तू!"

"ताई, थांब जरा," तो म्हणाला.

धुनेतला तो दमलेला माणूस, त्याच्या बहिणीच्या फोनमधून, गुणगुणत राहिला.

"किती जणांनी ऐकलं हे?"

"ज्यांच्या ज्यांच्या मशीन बिघडल्या, त्या सगळ्यांनी," ती म्हणाली. मग प्रामाणिकपणे, "आणि माझ्या मावशीने. तिची बिघडलेली नाही."

"मी तिथून सुटलो म्हणून खूश होतो," तो सावकाश म्हणाला. "आणि मी अजून तिथेच आहे."

एवढंच तो बोलला. ओरडला असता तर बरं झालं असतं असं तिला वाटलं. कपाळ खिडकीच्या गजाला लावून ती म्हणाली, "उद्या काढते. सकाळी गेल्या गेल्या व्हायोलिन लावते. चूक माझी आहे. विचारायला हवं होतं."

मग, ती फोन ठेवणार तेवढ्यात—

"बेसूर आहे ना मी?"

"...हो."

"मग मांजर का नाही ओरडत?"

"काय?"

"तुम्हीच म्हणालात. सूर जुळला नाही तर मधे मांजर ओरडतं. मी एवढा खाली आहे. बासरी वर हवी. पण मधे काहीच झालं नाही. कळलंसुद्धा नाही मी कधी सुरू झालो ते."

हीच ती गोष्ट, जी तिने कुणाला सांगितली नव्हती.

"कान?"

"माणसाचा आवाज उचलून वाद्याच्या सुरावर नेतात," ती हळू म्हणाली. "रीतच आहे तशी. एक बटण दाबलं की होतं. मी नाही दाबलं. मी... बासरी जरा खाली आणली. तुमच्यापर्यंत."

"का?"

"तुम्ही दमला होतात. तुम्हाला परत कुठे वर चढायला लावायचं..."

पलीकडे त्याचा श्वास ऐकू आला. एक त्याचा, एक त्याच्याच धुनेतला. यातला कुठला कोणता, हे कानालाही सांगता आलं नाही.

तेवढ्यात धून कापली गेली आणि एक तरतरीत, नवा आवाज आला. "नमस्कार! आपल्याला थांबावं लागलं त्याबद्दल क्षमस्व. आपली काय तक्रार आहे?"

"सांग ना रे," ताई म्हणाली, "पाणीच सोडत नाही म्हणावं!"

"काही तक्रार नाही," तो म्हणाला.

"अं... मग आपण फोन कशासाठी केला होता?"

"मला परत रांगेत टाका."

"रांगेत? साहेब... मुद्दाम?"

"हो. सगळ्यात मागे टाका. घाई नाही."

"मेल्या, माझे कपडे!" ताई ओरडली.

खट असा आवाज झाला आणि बासरी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

"आहेस ना तू?" त्याने विचारलं. आजवर तो तिला कधी असं, एकेरीत, बोलला नव्हता.

"आहे," ती म्हणाली. "व्हायोलिन... लावू का उद्या?"

"राहू दे ते. उद्या दुपारी मी येतो तिकडे. कारण नाहीये काही."

"बरं. खुर्ची रिकामी ठेवते."

मागे मावशीने चादरीची घडी एकटीनेच केली, वेडीवाकडी, आणि जाता जाता त्या लाल कानाकडे बघून नाडी न बघताच मान डोलावली. फोनमध्ये बासरी चालली होती, अगदी सावकाश, खाली खाली येत. मशीनवाल्यांपैकी कुणीही इतक्यात फोन उचलू नये, एवढीच त्या घडीला दोघांची इच्छा होती.